केंद्रावरचं बोट

नावड्याला कारखान्यातून वायुगळती झाली तेव्हा आम्ही आसपासचे रहिवासी आसऱ्याला शाळेच्या वर्गात तोंडावर ओले रुमाल धरून बसलो होतो. शेजारच्या अनोळखी कॉलेजकन्येने मोबाइलवरच्या नकाशातलं धोक्याचं लाल वर्तुळ आलेखाच्या कागदावर उतरवलं आणि केंद्र, त्रिज्या वाचून समीकरण मांडलं.

"काकू, तुमची बिल्डिंग कुठली?" तिने तो बिंदू समीकरणात घालून पाहिला. "छत्तीस आलं. त्रिज्येचा वर्ग पंचवीस, म्हणजे तुम्ही वर्तुळाबाहेर. टेन्शन नका घेऊ."

मग ती इतरांचीही घरं तपासत राहिली.

"आणि तुझं घर गं?"

"बाहेर आहे." तिने केंद्रावर बोट ठेवलं. "पप्पा शिफ्टला इथे आहेत. फोन उचलत नाहीत."

माझे यजमान गेल्यापासून मला कशाचीच भीती वाटत नव्हती. तिचं बोट तिथून हलेना, तेव्हा वाटली.