उजवा कौल

माझी जीभ तिखट आहे. ती आईकडून आली, पण आईने ती घरात वापरली आणि मी दुकानात.

रामनगरच्या बाजारात माझं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. उतारे, रेशनकार्ड, पोरांचे प्रवेश, सगळं. आतल्या गावांतल्या अर्ध्याअधिक लोकांचा ईमेल मीच काढून दिलेला, त्यामुळे त्यांना आलेले फसवे ईमेलही माझ्याकडेच यायचे. मला ते लांबूनच ओळखू येत. वर बँकेचं नाव बरोबर, पण पाठवणाऱ्याच्या पत्त्याला भलतंच शेपूट. ‘प्रिय ग्राहक’, म्हणजे ज्याला तुमचं नाव ठाऊक नाही तो. चोवीस तासांत खातं बंद पडण्याची धमकी, आणि खाली निळी ओळ: इथे बोट ठेवा.

असा ईमेल सापडला की मी तो छापून भिंतीवर चिकटवायची आणि फसलेल्याचं गाव लाल पेनने कडेला लिहायची. एक गुंदचा, दोन बाजारकुणंगचे. मग गिऱ्हाइकांपुढे तो मोठ्याने वाचायचा, बोट ठेवणाऱ्याची नक्कल करायची. दुकान हसायचं. लोकांना अक्कल येते, असं मी म्हणायची. खरं सांगायचं तर मला मजा यायची.

दिग्गीचा एक म्हातारा माझ्याकडे यायचा. मी त्याला मामा म्हणायची आणि तो, माझ्या बापाच्या वयाचा असून, मला अक्का. जंगलातलं घर आणि शेत सोडायला कबूल झाल्याबद्दल त्याला वनखात्याकडून भरपाई मिळाली होती. साडेचार लाख खात्यात होते, बाकीचे पैसे घर मोकळं केल्यावर मिळायचे. त्या साडेचारांत रामनगरजवळ दहा गुंठे घ्यायचं ठरलं होतं. घर सोडायचा कागद सही होऊन गेलेला, जमिनीचा कागद व्हायचा बाकी. म्हणजे ते पैसे हीच त्याची जमीन.

एका सोमवारी तो पासबुक घेऊन आला. बँकेतून थेट माझ्याकडे. खात्यात काही उरलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी गावामागच्या टेकावर, जिथे रेंज येते तिथे, त्याने मोबाइल बघितला होता. जमिनीच्या भरपाईसाठी खातं ताजं करा, नाहीतर पुढचा हप्ता थांबेल, असा ईमेल. त्याने निळ्या ओळीवर बोट ठेवलं, कार्डाचा नंबर घातला, आलेला ओटीपी घातला. थोड्या वेळाने लाख रुपये गेल्याचा मेसेज आला.

मी बँकेचा कागद बघितला. त्या ओटीपीवर चोराने खातं स्वतःच्या मोबाइलवर चालू करून घेतलं होतं, आणि दिवसाला लाखाची मर्यादा होती. गुरुवारी लाख, शुक्रवारी संध्याकाळी लाख, शनिवारी, रविवारी, आणि सोमवारी सकाळी उरलेले पन्नास हजार. मध्ये बँकेला सलग तीन दिवस सुट्टी होती. पण तक्रारीचा सरकारी फोन सुट्टीतही चालू असतो. पहिल्या काही तासांत सांगितलं तर खातं गोठतं. मी कितीदा ओरडून सांगितलं होतं.

“गुरुवारी कळलं आणि आज येताय? चार दिवस काय करत होता?”

“देवाला गाऱ्हाणं घातलं, अक्का. शुक्रवारी पहाटं.”

इकडची रीत मला माहीत होती. चोरी झाली की आधी गावदेवाला सांगायचं, देवाचा मानकरी असलेल्या गावकराकडून दगडाला पाकळ्या लावून कौल घ्यायचा, उजवी पडली की होकार, आणि कौल मिळेपर्यंत बाहेर तोंड उघडायचं नाही. माझं डोकं सणकलं. दुकानात पाच-सहा माणसं होती, आणि मला तेवढी पुरेशी होती.

“मग देवालाच ओटीपी सांगायचा होता,” मी म्हटलं. “त्याने गोठवलं असतं खातं. पाकळ्या मोजत बसलात, तिकडे चोर लाख-लाख मोजत बसला. शुक्रवारी सकाळी नुसतं दारात येऊन एक शब्द बोलला असता तर साडेतीन लाख वाचले असते.”

लोक हसले. म्हाताऱ्याने पासबुक नीट घडी करून खिशात ठेवलं. तक्रार मी तिथल्या तिथे नोंदवली, पण तोवर पैसे दहा खात्यांतून फिरून कुठेच उरले नव्हते. तो गेल्यावर मी तो ईमेल छापला, भिंतीवर लावला आणि कडेला लिहिलं, दिग्गी.

दहा गुंठे दुसऱ्याने घेतले. म्हातारा पुन्हा दुकानात आला नाही.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी त्याची बायको आली. रेशनकार्डावरचा पत्ता बदलायचा होता. घर मोकळं करून झालं होतं, भरपाईचे बाकीचे पैसे अजून आले नव्हते, आणि दोघं तिच्या भावाच्या गोठ्यालगतच्या खोलीत राहत होती. दुकान रिकामं होतं. मी पत्ता टाइप करत होते आणि सवयीने बोलून गेले, “त्या वेळी देवापायी चार दिवस घालवले नसते तर आज स्वतःच्या घराचा पत्ता घातला असता.”

“देवानं चार दिवस न्हाई घालवलं,” ती म्हणाली. “कौल लगीच दिला. उजवी पाकळी पडली. गावकर म्हणाला, आजच्या आज रामनगरला जा, अक्काला सांग.”

मी टाइप करायचं सोडून तिच्याकडे वळले.

“तेनी गेलं हुतं. शुक्रवारी. दहाच्या गाडीनं उतरलं, तुमच्या दारात हुबं राहिलं. तुम्ही कुणाचा तरी कागद वाचत हुता, समदी हसत हुती. तुम्ही हातवारं करत हुता. पायरीवरनंच माघारी फिरलं. म्हणालं, सोमवारी बँकच सांगंल.”

मला तो शुक्रवार आठवला नाही. तसे शुक्रवार पुष्कळ होते.

“मग सोमवारी मी एवढं बोलले तेव्हा ते गप्प का बसले?”

“मला बी बजावलं हुतं, अक्काला सांगू नको. तिला वाईट वाटंल.”

तिने अर्जाचे तीस रुपये मोजून काउंटरवर ठेवले.

“मग तुम्ही का सांगितलंत?” मी विचारलं.

“तुमास्नी वाईट वाटावं म्हणून,” ती म्हणाली, आणि कार्ड पिशवीत घालून पायऱ्या उतरली.