दीडवरची सुई

शिनासी बे रोज सकाळी तोंड धुण्याआधी बॉयलरची सुई बघायचे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेलं ते पांढरं खोकं, त्याच्या पोटाखाली पाण्याचा दाब दाखवणारी घड्याळाएवढी तबकडी. सुई दीडवर हवी. एकाच्या खाली गेली की बॉयलर रुसतो आणि खोल्या गरम ठेवणारे सगळे रेडिएटर गार पडतात. फार वर चढली की खालून पाणी ओकतो. शिनासी बे खालचा काळा नळ हळूच पिळायचे, आत पाणी शिरायचं, सुई दीडवर आली की नळ बंद. चहा त्यानंतर.

तुर्कस्तानातल्या सिवासच्या थंडीत हे सगळेच करतात, पण महिन्या-दोन महिन्यांनी एकदा. रोज नळ पिळावा लागतो म्हणजे पाणी कुठेतरी जातंय, एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण शिनासी बे रेल्वेच्या भांडारात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. काटा जागेवर आहे ना, मग झालं तर.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको सादेत गेली. मयताला आलेल्या बायका म्हणाल्या, माणूस दगड झाला. तसंही नव्हतं. ते जेवत होते, पाव आणत होते, शुक्रवारी मशिदीत जात होते. फक्त त्यांना काही जाणवत नव्हतं. उणे वीसमध्ये नुसत्या बनियनवर गॅलरीत उभे राहायचे आणि अंगावर काटासुद्धा यायचा नाही.

सादेत शेवटचे दोन हिवाळे मागच्या खोलीत पडून होती. "शिनासी, इथे थंडी फार आहे," असं रोज म्हणायची. ते स्वयंपाकघरात जाऊन बघून यायचे. "सुई दीडवर आहे, सादेत. आजारपणामुळे वाटतंय तुला." ती गेल्यावर त्यांनी त्या खोलीतल्या रेडिएटरचा नळ बंद केला, दार ओढलं आणि कुलूप लावलं. ते दार पुन्हा उघडायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी त्यानंतर ठरवली होती.

या जानेवारीत सुई सकाळी भरली की दुपारी शून्यावर. शेवटी बॉयलर बंदच पडला, तेव्हा त्यांनी इल्हामी उस्ताला, म्हणजे बॉयलरच्या मिस्त्रीला, बोलावलं.

"चार रेडिएटर बघितले, आमजा. चारही बाहेरून कोरडे ठाक, गळती नाही," इल्हामी म्हणाला. वयस्क माणसांना तो आमजा, म्हणजे काका, म्हणायचा. "पाचवा कुठाय?"

"तो बंद आहे. नळ मी स्वतः पिळलाय."

"वरचा की खालचा?"

"नळ म्हणजे नळ."

"वरचा बंद केला तरी खालच्या पाइपातून पाणी येतंच. दार उघडा, दोन मिनिटांचं काम आहे."

"त्या खोलीत काही नाही."

"मग बघायला काय हरकत?"

इल्हामीने खांदे उडवले. "पाणी भरून ठेवतो. समोरच्या इमारतीत एक काम आहे, तासाभरात येतो. तोवर खालच्यांचं छत तरी बघून या."

ते जाकीट चढवून खाली गेले ते इल्हामीला खोटं पाडायला. खालच्या मजल्यावरच्या बाई, मकबूले हनुम, यांचं छत कोरडं निघालं, तर दार उघडायचं कारण उरणार नव्हतं.

मकबूले हनुमनी दार अर्धंच उघडलं.

"तुमच्या मागच्या खोलीचं छत बघायचं होतं."

"छतात काय बघायचंय? छत छतासारखं आहे. चहा टाकलाय, बसा."

"मकबूले हनुम."

त्या बाजूला झाल्या. आत पलंग ओढून मधोमध आणलेला. त्याच्या जुन्या जागी दह्याचा मोठा डबा, निम्मा काळ्या पाण्याने भरलेला. वर परातीएवढा पिवळा डाग. एक थेंब पडला.

"कधीपासून?"

"सादेत होती तेव्हापासून. तेव्हा दिवसाला कपभर. आता थेंबांची बडबड जरा वाढलीय."

"मला बोलल्या नाहीत."

"तेव्हा तुम्हाला तिचंच करता करता दिवस पुरत नव्हता." मकबूले हनुमनी रुमालाच्या टोकाने डब्याचा काठ पुसला. "आणि नंतर, ती खोली उघडा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? रिकामा डबाच तर करायचा असतो."

आपल्याला लाज वाटायला हवी, हे शिनासी बेंना कळलं. आज कुठला वार आहे हे कळावं तसं. ते वर आले आणि किल्ली शोधली.

इल्हामी परत आला तेव्हा दार उघडं होतं. पलंगावर गादी गुंडाळलेली. रेडिएटरवर सादेतचे लोकरीचे मोजे होते; शेवटच्या सकाळी तिच्यासाठी गरम करायला त्यांनीच ठेवलेले. खालच्या पाइपाचा नट गंजून ओला झाला होता. इल्हामीने गुडघ्यावर बसून वरचा हवेचा स्क्रू सैल केला. नुसती हवा सुटू लागली, सुटतच राहिली.

"आमजा, तुम्ही रोज पाणी भरता?"

"रोज."

"किती वर्षं?"

"पाच-सहा."

"तिथेच चुकलं. नव्या पाण्याबरोबर हवा येते आणि ती या शेवटच्यात येऊन बसते. सुई दीडवर दिसणार, पण हा तापणार नाही. तुम्ही नळ बंद करण्याच्या कितीतरी आधीपासून हा गारच असणार." इल्हामी पान्याकडे बघत बोलत होता. "काढून टाकू की नवा बसवू? खोली वापरात नसेल तर पाइपाला बूच मारतो, कटकट मिटेल."

शिनासी बेंनी मोजे उचलले. ते गार आणि कडक झाले होते. जाकिटाच्या आत त्यांचं अंग थरथरायला लागलं, दातावर दात आपटू लागले; जबडा घट्ट मिटला तरी थांबेनात.

"नवा बसव," ते म्हणाले. "इथे थंडी फार आहे."