हिरसाऊच्या पडक्या मठात एक रविवार

कासारवाडीच्या घराची दारं, खिडक्यांचे गज, मुलींचा पाळणा, विहारातल्या मूर्तीखालची लाकडी बैठक, कंपनीत काम करताना सुटे भाग पक्के धरणारे कितीतरी जिग. हे सगळं मी या हातांनी केलं. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं बघून शिकलो. त्यामुळे १९७२ साली कंपनीनं सहा महिने जर्मनीला पाठवलं याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते परतीच्या तोंडावर, तिथल्या फोरमननं थांबायला सांगितलं तेव्हा. "तीन वर्षं. पण बायको-मुलांना आणता येणार नाही. सोमवारी उत्तर दे."

पत्र घरी पोचायलाच आठवडा लागे.

रविवारी खोलीत बसवेना. सोबतच्या ज्ञानोबाला, हा चऱ्होलीचा, उठवलं आणि हिरसाऊचा पडका मठ बघायला निघालो. जाणार असाल तर स्टुटगार्टहून काल्वची गाडी धरा आणि तिथून नदीकाठानं चालत हिरसाऊ गाठा. चढ नाही. जेवण बरोबर असू द्या, रविवारी दुकानं बंद असतात. आम्ही पाव, उकडलेले बटाटे आणि घरच्या लसणीच्या चटणीची तळाशी उरलेली चिमूट नेली होती.

बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा हा मठ एके काळी फार मोठा होता. पुढे फ्रेंच फौजेनं जाळला. आता चर्चच्या जागी गवत आहे. लाल दगडाच्या भिंतींत नक्षीच्या खिडक्या आहेत, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना आभाळच. शेजारच्या बिनछपराच्या महालात आतूनच झाड वाढून भिंतीवर गेलंय. एक मनोरा तेवढा शाबूत. सांधे मी बोटानं तपासले. नख शिरत नव्हतं. वर दगडात कोरलेला एक दाढीवाला उकिडवा बसून भार पेलतोय.

"राव, ह्याला कुणी बदलीच दिला न्हाई का?" ज्ञानोबा म्हणाला. "शिफ्ट कवाच संपली असंल."

चित्रकार्डं विकणाऱ्या आजीबाईंशी मोडक्या जर्मनमध्ये बोललो. आमच्याकडच्या भाजे लेण्यांतले भिक्खू पूर्वी पावसाळ्यापुरते थांबत आणि मग चालू लागत. इथं उलटं, त्या म्हणाल्या. शपथ घेतली की मरेपर्यंत हाच मठ.

"आणि नंतर पस्तावला तर?" मी विचारलं.

"म्हणून आधी वर्षभर थांबवत. नियम पुन्हा पुन्हा वाचून दाखवत. नाही जमत, तर खुशाल जा म्हणत."

भिंतीला टेकून जेवलो. ज्ञानोबानं विचारलं, "भाऊ, मग थांबताय का?"

"तीन वर्षं मी इथं मशिनीवर काढीन रे. पण तिकडं दोन मुली घेऊन काढायची ती तिला. तिला कुणी वाचून दाखवलंय?"

सोमवारी फोरमनला नाही म्हणालो.

घरी आल्यावर चार दिवसांनी हे बायकोला सांगितलं. त्या मठातलं बाकी सगळं पुसट झालं तरी तिथलं 'खुशाल जा' कानात राहिलं होतं, आणि तिला ते किती आवडेल असं मला वाटत होतं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"तार करून विचारायचं की."

"तार बघून गल्लीनं रडारड केली असती. आपल्यात तार कुणी गेल्याशिवाय येते का?"

"रडलो असतो घटकाभर. मग वाचून घेतली असती कुणाकडनं तरी." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मी थांबा म्हणाले असते."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"किती देत होते?"

"दीड हजार मार्क," मी म्हणालो. "महिन्याला. इथला माझा जवळजवळ वर्षाचा पगार."