श्रावणातली ध्रुवसफर

श्रावणात उत्तर ध्रुवाकडे जाणाऱ्या जहाजावर आई-वडिलांनी सोबत जायचा बेत काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी अकोल्याच्या आमच्या घरी मोडला. डांबरगोळ्यांचा वास आला की ती दुपार आठवते. कूलर घरघरत होता, पलंगावर लोकरी कपडे पसरले होते आणि जागा संध्याकाळपर्यंतच राखून ठेवलेल्या असल्याने वडील येरझाऱ्या घालत होते. "तिथं त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही," आई म्हणाली, "मंग मी सोमवारचा उपास सोडू कवा?" "अकोल्याच्या घड्याळावर सोड ना." "सूर्य समोर दिसून राहिला अन् मी ताटावर बसू? तुमी जा." वडिलांनी एकच जागा नोंदवली. श्रावणातल्या सोमवारी संध्याकाळी, कधीही उपास न केलेल्या वडिलांचा जहाजावरून आईला फोन आला. "मावळला काय तिकडं?" त्यांनी विचारलं, "मीबी जेवलो नाही अजून."