मान मातीच्या वर

अण्णांनी रोप धरून नुसतं वर उचललं, तर पानांचा झुबका हातात आला आणि मुळं जमिनीतच राहिली. त्यांनी तो झुबका माझ्यापुढे धरला. बुडाशी काळपट, ओला. वास सडक्या बटाट्याचा.

"साहेब, हे काय होऊन राह्यलं?"

अण्णांचं जानेफळजवळचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस. आत बारा बेड, सगळे जेरबेराच्या फुलांचे. मी रोपं पुरवणाऱ्या नर्सरीचा फील्ड ऑफिसर. लावणीपासून पहिल्या फुलापर्यंत सल्ला माझा. वीस वर्षं हेच करतो आहे, त्यामुळे वासावरूनच आजाराचं नाव कळलं. क्राऊन रॉट.

जेरबेराला खोड नसतं. पानं थेट जमिनीतून आल्यासारखी दिसतात. पानं आणि मुळं जिथे जुळतात त्या गाठीला आम्ही क्राऊन म्हणतो. साध्या भाषेत, रोपाची मान. नवी पानं, कळ्या, सगळं तिथूनच निघतं. ही मान उघडी आणि कोरडी राहावी लागते. मातीत गाडली की ओल धरते, बुरशी शिरते, आणि रोप वरून हिरवं दिसत असतानाच आतून संपतं.

मी बोटानं उकरून पाहिलं. मान दोन बोटं खाली होती.

"रोपांना माती लावलीय," मी म्हणालो.

अण्णा मागे वळले. "कोनं सांगतलं माती लावाले?"

मागे वंदनाताई उभ्या होत्या. लावणीच्या बायांच्या मुकादम. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सांगितलं मी होतं. तीन आठवड्यांपूर्वी, फोनवर. मी लोणारला दुसऱ्या प्लॉटवर होतो, घाईत. "साहेब, रोपं हलून राह्यले, काय करू?" असं वंदनाताईंनी विचारलं. नवीन रोप पहिले काही दिवस हलतंच, मूळ धरलं की थांबतं. हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी म्हणालो, "थोडी माती लावा." आमच्याकडे वांग्याला, मिरचीला, हळदीला माती लावतात. तोंडात बसलेलं वाक्य, निघून गेलं.

ते आठवत असूनही मी अण्णांना म्हणालो, "मजुरांच्या हातून होतं असं. सवय असते त्यांना."

"उद्यापासून येऊ नको वंदना," अण्णा म्हणाले.

पॉलिहाऊसचं काम म्हणजे बारमाही काम, डोक्यावर सावली, घरापासून चालत दहा मिनिटं. ते सुटलं की कोणाच्या तरी सोयाबीनचं निंदण, तेही मिळेल तेव्हा. हे मला माहीत होतं. मी औषधाचं माप काढायला लागलो.

ड्रेंचिंग केलं. म्हणजे बुरशीनाशक पाण्यात कालवून मुळाशी ओतलं. बाकीच्या बायांना खुरप्यानं माती काढायला सांगितली. खुरप्यानं माती निघाली, तशा मानाही सोलल्या गेल्या. जखमेतून बुरशी आणखी आत. आठवडाभरात मर वाढली.

"औषध पाजून राह्यलो अन् रोपं मरूनच राह्यले," अण्णा म्हणाले. "अन् तो बारावा बेड पाहा. त्याले वंदनानं मातीच लावली नाही. वरून कामचुकारी!"

मी बाराव्या बेडपाशी गेलो. एकही रोप मेलेलं नव्हतं. पानं ताठ, मधोमध कळ्या. अकरा बेड मी बिघडवलेले आणि एक त्यांनी राखलेला.

त्या संध्याकाळी मी वंदनाताईंच्या घरी गेलो. त्या ओट्यावर डाळ निवडत होत्या. पाणी दिलं, "बसा" म्हणाल्या.

"बाराव्या बेडला माती का नाही लावली?"

"तिथं आली तवा एका रोपाच्या पोटातून कळी निघून राह्यली होती. हरभऱ्याएवढी. तिच्यावर माती टाकाले हात धजला नाही." सुपातला एक खडा त्यांनी अंगणात फेकला. "मंग म्या इचार केला, वांग्याले खोड असते, माती लावली त आधार भेटते. याले खोडच नाही, त आधार कशाले पाह्यजे? तुमाले दोनदा फोन लावला. तुमी उचलला नाही."

ते दोन मिस्ड कॉल मी पाहिले होते. परत लावू म्हणून राहून गेले.

शिकलेला मी होतो. पुस्तकात तीन पानं असलेली गोष्ट त्यांना एका कळीवरून कळली होती.

"ताई, उरलेल्या माना मोकळ्या करायच्यात. खुरप्यानं जमत नाही. तुम्ही याल का?"

"अण्णानं बोलावलं त येईन. अन् माती कोनं सांगतली ते तुमी त्याइले सांगा."

"सांगतो," म्हणालो.

सांगितलं नाही. अण्णांना म्हणालो, बारावा बेड चांगला आहे, हात वंदनाताईंचा चांगला आहे, बोलवा. अण्णांनी कुरकुरत बोलावलं.

वंदनाताई आल्या त्या घरून स्टीलचा चमचा आणि जुना टूथब्रश घेऊन. चमच्याच्या पाठीनं माती बाजूला सारायची. मानेला चिकटलेली ब्रशनं, आतून बाहेर झाडायची. खालची पिवळी पानं कापायची नाहीत, बाजूला वाकवून बुडापासून झटक्यानं काढायची, म्हणजे कुजणारा दांडा मागे राहत नाही. हे शेवटचं मी शिकवलेलं. बाकी सगळं त्यांचं.

"ओ गंगू, बाळाचे कान साफ करून राह्यली असं समज," त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या.

"माया पोरानं इतकं गुमान कधी करू देल्लं नाही!" गंगूबाई म्हणाल्या, आणि अख्खा बेड हसला.

मी ड्रिपचं पाणी कमी केलं, बाजूचे पडदे दिवसा वर ठेवले, मेलेली रोपं मातीसकट बाहेर काढली. नऊ दिवस त्या बायका गुडघ्यांवर होत्या. मर थांबली. चारात तीन रोपं वाचली.

फुलं सुरू झाली तेव्हा दुसरबीडकडचे काही शेतकरी प्लॉट बघायला आले. अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे साहेब होते म्हणून वाचलं. बायाइनं त माती लावून मारलंच होतं."

वंदनाताई तीन हातांच्या अंतरावर फुलं काढत होत्या. मान वर केली नाही. फूल तिरपं करून अलगद ओढत होत्या, एकामागून एक.

"अण्णा," मी म्हणालो, "माती लावा असं मी सांगितलं होतं. फोनवर. वंदनाताईंनी विचारून केलं. बारावा बेड वाचला, कारण तिथे त्यांनी माझं ऐकलं नाही."

अण्णांनी खांद्यावरचा हात काढला.

"तिले काढलं त्याच संध्याकाळी तिनं येऊन सांगतलं होतं मले," ते म्हणाले. "म्या तिले खोटी ठरवली. म्हटलं, साहेब काऊन असं सांगतीन?"

म्हणजे मी गप्प बसून फक्त कामच नाही, त्यांचा शब्दही घालवला होता. हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी वंदनाताईंकडे वळलो. त्यांनी फुलांचा भारा बादलीत उभा केला.

"चार नंबरच्या बेडले पानी अजून जास्त होऊन राह्यलं साहेब," त्या म्हणाल्या. "ते पाहा आधी."

मी पाहिलं. खरंच जास्त होतं.

आता लावणीच्या प्रत्येक भेटीत मी बायांना एकत्र बसवतो आणि सांगतो की जेरबेराची मान मातीच्या दोन बोटं वर ठेवा, रोप हललं तरी हलू द्या, माती लावू नका. मग कोणीतरी विचारतंच, माती लावली तर काय होते? तेव्हा जानेफळचं सांगतो. माती कोणी लावायला सांगितली होती, तेही सांगतो.