विहिरीतले पाढे

डबामामाच्या विहिरीत उतरलेल्या पोराला गप्प राहायला बंदी होती. हातपाय मारता मारता प्रत्येकाने मोठ्यांदा पाढा म्हणायचा, आणि तोही आपापला. शेजारच्याचा उचलायचा नाही. माझ्या वाट्याला सतराचा आला होता. शाळेत बाईंनी उभं केलं की मी सतरा सातीला अडकायचे, पण पाण्यात तोच पाढा घडाघडा यायचा, कारण जरा थांबलं की मामा पायरीवरून ओरडायचा. बारा, चौदा, सतरा, एकोणीस असे सगळे पाढे एकदम विहिरीत घुमायचे. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, खाली कोणी शाळाच भरवली आहे.

हा कोणाचाच सख्खा मामा नव्हता. अंबरनाथला बुवापाड्यात आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून राहायचा, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत कामाला होता, आणि रविवारी किंवा मे महिन्यात पाळी सांभाळून चाळीतल्या पोरांना पोहायला शिकवायचा. पाठीला बांधायचे डबे तो स्वतः तयार करायचा. उल्हासनगरच्या बाजारातून गोडेतेलाचे रिकामे डबे आणायचे, तोंडाला डाग देऊन बंद करायचे आणि पिंपात दाबून धरायचे. एवढासा बुडबुडा आला तरी तो डबा बाद. सुट्टीच्या दिवशी सकाळी आमच्या चाळीत मामाच्या पिंपाभोवती पोरं जमायची आणि मामा कान पाण्याला लावून बसलेला असायचा.

आता खरी गोष्ट सांगते. मामा पाण्याला भ्यायचा. नुसता बिचकायचा नाही, चांगला टरकायचा. पाण्यात उतरण्याआधी त्याच्या पोटऱ्या थरथरताना आम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. चाळिशी गाठल्यावर शिकला होता, त्यामुळे म्हशीसारखी मान वर काढूनच पोहायचा. डोकं पाण्याखाली त्याने कधी घातलं नव्हतं. आम्ही हसलो की म्हणायचा, "मी घाबरतो म्हणून तुम्ही सुखरूप घरी जाता. हसा." बारक्या पोराला पाण्याची नुसती ओळख करून दिली की पुरते, मोठ्या माणसाची मात्र समजूत काढावी लागते, आणि ती पुन्हा पुन्हा काढावी लागते, असं तो सांगायचा. स्वतःची समजूत तो दर रविवारी काढत होता.

मीही काही शूर नव्हते. आजही नाही. बादली भरून वाहायला लागली की तिचा आवाज मला नकोसा होतो. पण त्या वर्षी उन्हाळ्यात धरणावर पोहायला गेलेला वरच्या गल्लीतला एक मुलगा परत आला नाही, आणि चाळीतल्या आयांनी दोन प्रकारे घाबरायला सुरुवात केली. काहींनी मुलांना पाण्याजवळ फिरकायचंच नाही म्हणून दम दिला. काही मामाकडे आल्या. माझी आई दोन्ही करत होती. ती मला पाठवायची आणि परत येईपर्यंत जेवायची नाही.

आमची विहीर बदलापूरला, शिरगावच्या बाजूला, काशीआजींच्या मळ्यात होती. सकाळी भाजी उतरवून रिकामा परतणारा टेम्पो आम्हाला मागे घ्यायचा, आणि आम्ही कोथिंबिरीच्या काड्यांत बसून जायचो. नदीवर मामा कधीच नेत नसे. नदीला पायऱ्या नसतात, हे त्याचं एकच कारण. मळ्याच्या फाटकाशी आलो की मात्र मामा थांबायचा. फाटक सताड उघडं असायचं, तरी आत पाऊल टाकायचा नाही. काशीआजी ओट्यावरून हाका मारायच्या, अरे सरळ आत येत जा की, किती वर्षं झाली. मामा हात जोडून उभा राहायचा. त्या स्वतः फाटकापर्यंत येऊन "या" म्हणाल्या की मगच आत यायचा. आम्हाला ही मामाची आणखी एक खोड वाटायची. आम्ही त्याच्या मागे उभे राहून चुळबुळत असायचो.

उन्हालाही तो पाण्याइतकाच भ्यायचा. सकाळचं ऊन विहिरीच्या भिंतीवरून उतरून पायऱ्यांना लागलं की सगळे बाहेर, मग कोणी कितीही गयावया करो. पाण्याने गार वाटतं म्हणून ऊन लागत नाही असं पोरांना वाटतं, आणि रात्री खांदे सोलले की रडतात, असं त्याचं म्हणणं. पाण्यात अंगाला घट्ट बसणारा जुना टी-शर्ट घालायचाच. बाहेर आलं की जांभळाखाली बसायचं आणि डोक्यावर पांढरी टोपी. टोप्या त्याने कुठून तरी गठ्ठ्याने मिळवल्या होत्या, आमच्या कानांवरून खाली यायच्या. एकदा तर उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराकडून उन्हात लावायच्या क्रीमची ट्यूब घेऊन आला. दुकानदाराने त्याला विचारलं होतं, "भाई, घर में शादी है क्या?" ती ट्यूब पुरवून पुरवून वापरायची म्हणून फक्त नाकाच्या शेंड्याला आणि कानाच्या पाळ्यांना ठिपका मिळायचा. आम्ही सगळे पांढऱ्या नाकाचे जांभळाखाली बसून भेळ खायचो.

तेलाला मात्र सक्त मनाई होती. पोर पाण्यात जाणार म्हणून आया घरून खोबरेल चोपडून पाठवायच्या. मामा मातीची मूठ घेऊन ते खरवडून काढायचा. तेलाने कातडी भाजते, आणि धरायला गेलं तर पोर हातातून सुटतं. हे तो प्रत्येक आईला सांगायचा, आणि प्रत्येक आई हो म्हणून पुढच्या रविवारी तेल लावायची. आपल्याकडे लेकराला तेल लावू नका म्हणणं म्हणजे त्याला जेवू घालू नका म्हणण्यासारखंच आहे.

मेच्या शेवटी शेवटी एका रविवारी आई आमच्याबरोबर आली. नव्या पोराच्या कमरेला बांधून मामा पायरीवरून धरायचा तो दोर माझा तोवर सुटला होता, डबा बांधून मी विहिरीच्या मध्यापर्यंत जायला लागले होते. आईला ते बघायचं होतं, आणि बघवणारही नव्हतं. टेम्पोत ती माझं मनगट धरून बसली होती. विहिरीत एकदा वाकून पाहिलं, आणि पाण्याचा तो काळा-हिरवा रंग बघून जांभळाखाली जाऊन बसली. मामाने माझ्या पाठीला, खांद्यांच्या मधोमध, डबा बांधला आणि एका नव्या मुलीच्या गाठी बांधायला वळला. तेवढ्यात आईने मला खुणेने जवळ बोलावलं. पिशवीतल्या बाटलीतून हातापायांना तेल लावलं. मग ढिगातला आणखी एक डबा उचलून पहिल्याच्या खाली, कमरेवर, करकचून बांधला. एक डबा तारतो तर दोन जास्तच तारतील, असा तिचा साधा हिशेब. मलाही तो पटला. मामा पाठमोरा असताना मी त्याच्या मागून पायऱ्या उतरले.

सतरा एके सतरा म्हणून मी पाय सोडले. सतरा दुणे चौतीस म्हणताना कमरेचा डबा वर उसळला, आणि त्याने माझं अर्धं अंग पाण्याबाहेर उचललं. मग छाती खाली गेली, आणि तोंडही. मी मान वर करायला बघत होते आणि मान वर होत नव्हती. पाय हवेत फडफडत होते. हातांनी पाणी दाबलं तरी दोन्ही डबे मला तसंच पालथं धरून ठेवत होते. डोळे उघडे होते. खाली हिरवं, त्याच्या खाली काळं, आणि त्या काळ्यात काहीच नव्हतं. वरून बाकीच्यांचे पाढे ऐकू येत होते, कुठल्या तरी लांबच्या घरातून यावेत तसे. मुलं हसत होती हे मला नंतर कळलं. त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे, कारण मी बुडतच नव्हते. डबे छान वर तरंगत होते. त्यानंतर मी कितीदा तरी घाबरले आहे, बाळंतपणाच्या टेबलावरसुद्धा, पण ते सगळं त्या सकाळपुढे काहीच नाही.

मामा माझ्याकडे बघतही नव्हता. तो नव्या मुलीची गाठ मारत होता. त्याने ऐकलं.

"सतरा कुठाय?" एवढंच तो म्हणाला आणि अंगातल्या कपड्यांनिशी पाण्यात पडला.

त्याने माझा दंड धरला, तो तेलाने निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तेव्हा तो माझ्या खाली गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने डोकं पाण्याखाली घातलं, आणि मला त्याचा चेहरा त्या हिरव्यात दिसला, डोळे वटारलेला, माझ्याहून जास्त घाबरलेला. खालून वर हात घालून त्याने डब्याची दोरी पकडली आणि मला उताणं केलं. मग पायरी, खोकला, उलटी. आईने मारलेली गाठ कोणाच्याने सुटेना, काशीआजींनी विळ्याने दोरी कापली. दुसरा डबा खणखणत पायऱ्यांवरून पाण्यात गेला, आणि तो आवाज ऐकून आईला कळलं, हे तिने बांधलेल्या डब्यानेच झालं. मामा पायरीवर बसून भर मे महिन्यात दात वाजवत होता. बोलता यायला लागल्यावर आईला म्हणाला, "तुम्ही घाबरलात म्हणून बांधलात. मी बी असतो तर हेच केलं असतं."

नंतरचे दिवस वाईट गेले. मी तांब्यानेसुद्धा डोक्यावर पाणी घेईना. आई ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायची. रात्री मी उताणी झोपायचे आणि कूस बदलायलाही भ्यायचे. त्या घरात पाण्याचं नाव कोणी काढत नव्हतं. बाबा कामावरून आले की माझ्याकडे बघायचे आणि आईकडे बघायचं टाळायचे.

मग एका संध्याकाळी मामा आला आणि उंबऱ्यापाशी बसला. म्हणाला, उद्या पोरीला न्यायला आलोय. आईने सरळ सांगितलं, "दादा, ती आता पाण्याचं नाव काढणार नाय. आणि मी पण पाठवणार नाय."

"ताई, आता घरी बसली तर कायमची बसंल," मामा म्हणाला. आईने चहा ठेवला. चहा हातात घेऊन त्याने जे सांगितलं ते चाळीत कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्या गावात विहीर होती, पण ती आपल्या लोकांची नव्हती. वरून कोणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं, नाहीतर लांबच्या ओढ्यावर जायचं. पावसाळ्यानंतर ओढ्याच्या डोहात त्याची धाकटी बहीण घागर भरताना घसरली. आरडाओरडा झाला, वस्तीतले सगळे धावत गेले. धडधाकट गडी होते, दगड फोडणारे, ओझी उचलणारे.

"सगळे काठावर उभे होते," मामा म्हणाला. "एकाला बी पोहता येत नव्हतं. येणार कुठून? पाण्यात कोणी उतरू दिलं होतं? आपल्याला पाणी उशिरा मिळालं, ताई. पोरांना तरी लवकर मिळू द्या."

फाटकाशी तो का थांबायचा ते मला त्या वेळी कळलं नाही. आईला कळलं असावं. ती चुलीकडे तोंड करून उभी होती. वळली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज रोजचाच होता. तिने विचारलं, मोठ्या बाईला डबे किती लागतील.

दुसऱ्या दिवशी विहिरीत आधी आई उतरली. जुना पंजाबी ड्रेस, पाठीवर डबा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक मामाच्या मनगटाला दोन वेढे घातलेलं. मी जांभळाखाली तिच्याच जागी बसले होते. तिने पायरी सोडली तेव्हा माझ्या तोंडून किंकाळी निघाली. मामाने तिला पाढा विचारला. तिला एकही धड येत नव्हता, चौथीतच शाळा सुटली होती. मग तिने आमच्या चाळीतल्या घरांची नावं म्हणायला सुरुवात केली, पहिल्या खोलीपासून, प्रत्येक बाईचं नाव घेऊन. नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा ती आमच्या घरापाशी आली आणि माझं नाव घेतलं, तेव्हा मी उठले आणि टी-शर्ट ओढून पायऱ्या उतरायला लागले. मला कोणी बोलावलं नव्हतं. भीती गेली होती असंही नाही. आई पाण्यात आणि मी काठावर, हे मला त्याहून सहन होईना.

मी त्या पावसाळ्याआधी पोहायला शिकले. आईला पुढचे दोन उन्हाळे लागले. मामाची कंपनी बंद पडली आणि तो पुण्याकडे लेकीच्या गावी राहायला गेला. निघताना डबे चाळीतल्या मोठ्या मुलांना देऊन गेला, आणि तेल लावू नका म्हणून पुन्हा एकदा सगळ्या आयांना सांगून गेला. सणासुदीला फोन यायचा. मग तोही कमी झाला.

गेल्या वर्षी तो गेल्याचं कळलं. झोपेतच गेला, ही बातमी ऐकून मला रडू येण्याआधी बरं वाटलं. बुवापाड्याच्या विहारात त्याचं पुण्यानुमोदन ठेवलं होतं. वंदना झाल्यावर एकेकाने उठून चार शब्द बोलायचे होते. कंपनीतले लोक बोलले, चाळीतले मोठे झालेले मुलगे बोलले. मामा किती मनमिळाऊ होता, किती कष्टाळू होता, असं सगळे म्हणाले. आणि मग माझी आई उभी राहिली. चार माणसांत ती कधी तोंड उघडत नाही, माझ्या लग्नातही तिने माईकला हात लावला नव्हता. तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला, माईक नको म्हणाली, आणि समोर बसलेल्या सगळ्यांकडे बघितलं.

"मला पोहता येतं," ती म्हणाली, आणि खाली बसली.