झुकलेला पंजा

माझ्या नवऱ्याचा उजवा हात मनगटातून खाली झुकायचा आणि समोर बसलेली माणसं रडायची. जलशात ते बाईचं काम करत. बाई म्हणजे एक आई. पोराला घेऊन शाळेच्या दारापर्यंत आलेली आणि जातीमुळे दारातच अडवलेली. गाण्याच्या शेवटी ती शाळेकडे हात करते. हात तसाच वर राहतो आणि पंजा हळूहळू खाली पडतो. उमरीपासून अहमदपूरपर्यंत लोक तो पंजा बघायला येत. माझा नवरा वारला त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी जुनं कुणी भेटलं की पहिल्यांदा त्या हाताचंच बोलतं. मी ऐकून घेते.

लग्न झालं तेव्हा तो हात असा नव्हता. एवढंच मला लिहून ठेवायचं आहे.

मी कंधारकडची, अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका होते. ते मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, "पावणे, करता काय?"

"बोर्ड रंगवतो, नाटकाचे पडदे रंगवतो, गाणी बांधतो," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आन् जलशात बाई होतो."

आतून आई म्हणाली, "मग लुगडी दोघांची घ्यावी लागतील की!" सगळे हसले, तेही हसले. वडिलांच्या मनात नव्हतं. मी हो म्हटलं, कारण दुसऱ्या कुणी सांगण्याआधी त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

चोळ्या ते स्वतः शिवत. अंबाडा स्वतः बांधत. दुपार कलली की ओसरीवर आरशाचा तुकडा भिंतीला टेकवून बसत आणि सहाणेवर मुर्दाडशिंग उगाळत. हा पिवळसर दगड कंधारच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळायचा. पाण्यात उगाळून त्याचा लेप चेहऱ्याला लावला की गॅसबत्तीच्या उजेडात तोंडावर असं तेज यायचं की शेजारच्या बायका म्हणत, "मास्तरीण, तुमच्यापरीस तुमचे मालक देखणे हायती." जलशाचे म्हातारे शाहीर त्यांचे गुरू. त्यांनी एक रीत घालून दिली होती. खेळ संपला की कुणाशी बोलायच्या आधी चेहरा धुवायचा, साबण लावून, घागरभर पाण्यानं, आणि वरून पेलाभर दूध प्यायचं. का, ते शाहिरांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या गुरूनं सांगितलं, म्हणून त्यांनी सांगितलं.

मग दुष्काळ पडला. टँकर आला की गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि आमच्या दलित वस्तीची पाळी शेवटी यायची, तोवर बुडाचा गाळ राहायचा. शाळेत टँकरचा आवाज आला की वर्ग रिकामा. अशात कुणी चेहऱ्यावर घागर ओतत नाही.

"लोक प्यायला रडून राहिलेत आन् मी तोंड धुऊ?" ते म्हणाले. तेलाचं फडकं फिरवायचे आणि तसेच आडवे व्हायचे. उशीचा अभ्रा पिवळा पडत गेला. दुधाचं तर नावच नव्हतं, गुरं केव्हाच बाजाराला गेली होती. रीत अशी मोडली, कुणाच्या ध्यानातही न येता.

आणि त्याच सुमाराला आमचा जिल्हा बदलला. नवा लातूर जिल्हा झाला. शाळा, चावडी, दवाखाने, मैलाचे दगड, सगळीकडे जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. ते खरवडून नवं लिहायचं. ऐन दुष्काळात घरात काम आलं म्हणून आम्हाला आनंद झाला. ते दिवसभर जुना रंग खरवडत. बारीक धूळ त्यांच्या पापण्यांवर, मिशीविना राहिलेल्या ओठावर बसे. सफेद्याची पांढरी पूड जवसाच्या तेलात कालवून ते पाट्या लिहीत आणि अक्षराला टोक यावं म्हणून ब्रशाचे केस ओठांत धरून ओढत. सगळे पेंटर असंच करत. माझ्या शाळेची पाटीही त्यांनीच लिहिली. 'लातूर'मध्ये रफार नाही म्हणून लिहायला कंटाळा येतो, असं काहीतरी गमतीचं बोलत होते, ओठ पांढरे झालेले.

आधी तोंडाची चव गेली. "जिभेखाली तांब्याचा पैसा ठेवल्यावानी वाटतंय," म्हणायचे. मग पोटात कळा. दुष्काळात कुणाचं पोट बरं होतं? आम्ही ओवा दिला.

एकदा फाट्यावर एसटी थांबवायला त्यांनी हात केला. हात खांद्यापासून वर गेला, पण पंजा उठलाच नाही, ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला. ड्रायव्हरला वाटलं, निरोप देतायत. त्यानंही खिडकीतून हात हलवला आणि गाडी पुढे नेली. आम्ही दोघं खूप हसलो. हसता हसता मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते हाताकडे बघत होते.

त्यानंतर उमरीला जलसा होता. मी गेले होते. आई शाळेकडे हात करते तिथं आजवर ते मूठ वळून हात छातीशी घेत. त्या दिवशी हात वर गेला आणि पंजा खाली पडला. पुढे बसलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. पडद्यामागं शाहिरांनी त्यांना पोटाशी धरलं, "आज खरी आई उभी केलीस रं लेका!"

घरी येताना ते म्हणाले, "म्या पाडला न्हाई तो."

"मग?"

"पडला."

लातूरच्या डॉक्टरांनी त्यांचे ओठ वर करून हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी काळीनिळी रेघ होती. आम्हाला ती मिश्रीची वाटत होती. "हात असा करा, गाडी थांबवतो तसा," डॉक्टर म्हणाले. झालं नाही. धंदा विचारला. "पेंटर," ते म्हणाले. "आणखी काही?" ते माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, जलशात चेहरा रंगवतात. कशानं, तेही सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सफेद्यात शिसं, खरवडलेल्या धुळीत शिसं, आणि मुर्दाडशिंग म्हणजे तर निव्वळ शिसंच. "दोन्ही सोडा. हात येईल परत. नाही सोडलं तर हातावर थांबणार नाही. शिसं हाडात जाऊन बसतं."

त्यांनी सोडलं. पाट्यांचं काम दुसऱ्याला दिलं, चेहऱ्याला बाजारातली पावडर लावायला लागले. औषधं चालू होती. महिने गेले. पुढच्या वर्षी एका सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि दारात उभं राहून पंजा ताठ करून दाखवला. मी त्या पंजाला माझा पंजा लावला. इतकं सुख मला पुढे कधी झालं नाही.

मग अहमदपूरला जलसा झाला. आईनं हात वर केला, पंजा ताठ. मागून कुणीतरी ओरडलं, "वैनी, एसटी थांबवून राहिल्या का?" हशा पिकला. एरवी अशा माणसाला ते जागच्या जागी गार करत. त्या दिवशी त्यांनी हात खाली घेतला आणि गाणं उरकलं. शाहीर म्हणाले, "जरा पाड की पंजा पहिल्यावानी." पुढच्या खेळाला त्यांनी तो मुद्दाम पाडला. कुणी हसलं नाही, कुणी रडलंही नाही.

"खोटं जमत न्हाई मला त्यातलं," ते म्हणाले. "लोकांना कळतंय."

त्यानंतर काही दिवसांनी मी शाळेतून आले तर सहाण ओली होती.

"अहो, हे काय?"

"चेहऱ्याला तेज न्हाई त्या पावडरीत."

"तेजासाठी लावता का हातासाठी?"

ते आरशाच्या तुकड्यात माझ्याकडे बघत राहिले. मी भांडले. दगड उकिरड्यावर फेकले, त्यांनी नवे आणले. माहेरी गेले, परत आले. शेवटी मला एवढंच सुचलं की चेहरा मी धुवायचा. आता विहिरीला पाणी होतं. खेळाला मी बरोबर जाऊ लागले. पडद्यामागं घागर घेऊन बसायची, साबणानं त्यांचं तोंड घासायची, पेला पुढे करायची. ते डोळे मिटून बसायचे. हिरड्यांवर रेघ परत आली. पंजा परत पडायला लागला, आपोआप. टाळ्याही परत आल्या.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. शिसं हातावर थांबलं नाही. मूत्रपिंडं गेली, चेहरा सुजला. नांदेडच्या दवाखान्यात एका दुपारी ते गेले. घरी आणल्यावर लोकांनी त्यांचे हात छातीवर जोडून ठेवले. उजवा पुन्हा पुन्हा घसरत होता. एक म्हातारी तो धरून बसली. रांगेनं येणारी माणसं तोंड बघायच्या आधी हात बघत होती.

त्यानंतर मी जलशाला गेले नाही. यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीवरच होता, म्हणून गेले. आईचं काम एक तिशीतला गृहस्थ करत होता, एका शाळेत शिक्षक आहे म्हणे. गाण्याच्या शेवटी त्याचा हात वर गेला. पंजा हळूहळू पडला. माझ्या शेजारची बाई हुंदके द्यायला लागली.

मी उठून पडद्यामागं गेले. त्यानं वाकून नमस्कार केला.

"काकू, काकांचाच हात हाय ह्यो. जमला का?"

"हात पुढे कर," मी म्हणाले. "वर. गाडी थांबवतो तसा."

तो गोंधळला, पण त्यानं केला. पंजा ताठ उभा राहिला. मी तो मागे दाबून बघितला, त्यानं उलट जोर दिला.

"काकू, लई दाबून राहिल्या!"

"तोंडाला काय लावलंय?"

त्यानं दुकानातली ट्यूब दाखवली. मग जरा लाजून म्हणाला, "पर जुने लोक म्हंतेत, काकांचं तेज येगळंच व्हतं. कायतरी दगड उगाळायचे म्हणे. कुठं भेटतो हो त्यो?"

"मिळत नाही आता," मी म्हणाले.

कंधारचं ते दुकान अजून आहे. मागच्याच महिन्यात मी त्याच्यावरून गेले.

कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं. मी तांब्या भरून त्याच्या हातात दिला आणि त्याचा चेहरा धुऊन होईपर्यंत तिथंच उभी राहिले.